बिनलेबलाच्या बाटल्या

त्या शनिवारी विनी आत्यांनी चहा टाकला नाही, तेव्हाच घरची थोरली सून मॉरीनने ओळखलं की आजचं काही खरं नाही.

बारक्रॉफ्टांच्या घरात माणूस गेलं तरी आधी किटली चढायची, मग रडारड. आज मात्र दुपारचे तीन वाजून गेले, तरी पुढच्या खोलीत सगळे कोरड्या घशाने बसले होते. ही खोली एरवी फक्त पाद्री आले की उघडायची. आत्यांचा थोरला भाचा आणि मॉरीनचा नवरा जेफ्री, म्हणजे कारखान्याचा मालक, फायरप्लेसपाशी उभा होता. धाकटा डेरेक कारखान्यात बाटल्या भरण्याचं खातं सांभाळायचा. तो दाराजवळच्या खुर्चीत टेकला होता, कधीही उठून जाता येईल असा. जेफ्रीची मुलगी रूथ सकाळच्या गाडीने मँचेस्टरहून आली होती. आणि खिडकीशी आत्या. वय शहात्तर, डोक्यावर टोपी. सकाळी इस्पितळात जाऊन आल्या, ती टोपी काढायची राहूनच गेली होती.

"बेथनी कशी आहे, आजी?" रूथने विचारलं.

"घरी पाठवली. रात्रभर सलाईन लावून ठेवलं होतं. सात वर्षांची पोर गं." आत्या खिडकीबाहेरच बघत होत्या. "मला बघून हसली. म्हणाली, मिस बारक्रॉफ्ट, मी निशाणाची दोरी सोडली नाही."

आदल्या दिवशीचं सगळ्या हेल्मब्रूक गावाने डोळ्यांनी पाहिलं होतं. मिरवणुकीचा शुक्रवार. पुढे चॅपेलचं निशाण, मागे ब्रास बँड, मध्ये आत्या शिकवायच्या त्या रविवारच्या शाळेतली पोरं, आणि शेवटी गिरणीमागच्या मैदानावर हॅम सँडविच आणि बारक्रॉफ्टांचं लेमनेड, पोटभर आणि फुकट. ही रीत ईनॉक बारक्रॉफ्टांनी घातलेली. ईनॉक म्हणजे आत्यांचे आजोबा, कट्टर दारूबंदीवाले. गिरणीतल्या माणसांनी पगाराच्या दिवशी पबमध्ये जाऊ नये म्हणून त्यांनी आलं आणि लिंबू घालून हे पेय काढलं. देवाच्या दिवशी धंद्याची जाहिरात नको, म्हणून मिरवणुकीच्या बाटल्यांना लेबल लावायचं नाही, हाही त्यांचाच नेम. शंभर वर्षं त्या दिवशी बाटल्या उघड्याबोडक्या गेल्या. यंदाही गेल्या. फक्त आत लेमनेड नव्हतं. आत 'ओल्ड ईनॉक' होतं, कारखान्याचं दारू घातलेलं लेमनेड.

वीस मिनिटं कोणाला पत्ता लागला नाही. लागणार कसा? ओतणाऱ्या साऱ्या बायका जन्मात दारूचा थेंब न घेतलेल्या. आत्यांनी चव घेऊन पाहिली आणि "यंदा आलं जरा जास्त पडलंय" एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या कुठल्याही गावात पहिल्या घोटालाच कोणीतरी बोंब मारली असती. आमच्या गावात बायकांनी पोरांना रांगेत उभं करून भरभरून दिलं. मॉरीन उशिरा आली. तिने एक पेला नाकाशी नेला आणि दुसऱ्या क्षणाला अख्खं टेबल उलथून टाकलं. तिचा बाप पबवाला, आणि तेवढ्याचसाठी अठ्ठावीस वर्षं या घराने तिला हातभर लांब ठेवलं होतं. ती ओरडली तोवर अकरा पोरं ओकत होती, आणि बेथनी स्कोल्स बँडच्या ढोलाशेजारी निपचित पडली होती.

"कागद सहा वाजेपर्यंत पाद्रीबुवांकडे पोचला पाहिजे," जेफ्री म्हणाला. "उद्या प्रार्थनेआधी वाचणार आहेत. आणि हाच कागद वर्तमानपत्राला जाईल. मॉरीनने लिहिलाय. आत्या, तू एकदा नजर टाक."

"तूच वाच ना," आत्या म्हणाल्या. "माझा चष्मा आत आहे."

चष्मा त्यांच्या मांडीवरच होता. जेफ्रीने तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं. मग त्याने वाचलं: घडल्या प्रकाराबद्दल बारक्रॉफ्ट कुटुंबाला अतीव दुःख आहे. क्रेट निवडताना एका ज्येष्ठ सेविकेकडून, वयोमानामुळे, अनवधानाने अदलाबदल झाली. कारखान्याच्या कामात कोणताही दोष नाही.

"ज्येष्ठ सेविका," आत्या म्हणाल्या. "म्हणजे मी."

"नाव नाही घातलं, आत्या," मॉरीन घाईने म्हणाली.

"नाव कशाला घालायला हवं गं? पन्नास वर्षं क्रेट मीच निवडते. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

मॉरीनची मान खाली गेली. हा कागद लिहिताना तिला वाटलं होतं, अठ्ठावीस वर्षांचा थोडा तरी हिशेब चुकता होईल. लग्नाच्या जेवणात याच आत्यांनी तिच्या वडिलांच्या हातातला पेला सगळ्यांदेखत काढून घेतला होता. पण आता त्या टोपीखालचा तो सुकलेला चेहरा बघून तिला फक्त ओशाळल्यासारखं झालं.

जेफ्री समजुतीच्या सुरात बोलत होता. हा सूर त्याच्याकडे पहिल्यापासून होता. तीन वर्षांपूर्वी, सुपरमार्केटातल्या मोठ्या प्लास्टिकच्या बाटल्यांनी कारखाना मरायला टेकवला होता, तेव्हा याच सुराने त्याने घरच्यांना पटवलं होतं की पणजोबांच्या लेमनेडमध्ये थोडी दारू घातली तर पणजोबांचं नाव टिकेल. आणि टिकलंही. कसलं टिकलं! पहिल्याच उन्हाळ्यात मिल लेनपासून पुलापर्यंत ट्रकांची रांग लागायची. दोन पाळ्यांच्या तीन झाल्या. बाटली तीच जुनी, तारेच्या खटक्याची. लेबलवर दाढीवाले ईनॉक, एक डोळा मिचकावणारे. तो मिचकावलेला डोळा रूथने काढला होता, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, हसत हसत. ब्लॅकपूलपासून लंडनपर्यंत पोरी ते लेबल सोलून गालाला चिकटवून नाचायच्या. घरातल्या कोणीही ते पेय चाखलं नव्हतं, आणि जेफ्रीला त्याचा अभिमान होता. चव बघायला त्याने बाहेरचा माणूस ठेवला होता. मुलाखतींत तो छाती पुढे काढून सांगायचा, "दारू न पिण्याची शपथ मी मोडलेली नाही."

यंदा मात्र वारं फिरलं होतं. बस थांब्यांवर तेरा-चौदा वर्षांची पोरं ओल्ड ईनॉक पिऊन लोळताना सापडू लागली, वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं लिहिली, एका मोठ्या दुकानसाखळीने माल परत पाठवला. आणि त्यात हा शुक्रवार.

"हे बघ आत्या, कारखान्याची चूक म्हटली की परवाना गेला," जेफ्री म्हणाला. "बासष्ट माणसं सोमवारी घरी बसतील. तुझी चूक म्हटली तर कोण काय करणार आहे? लोक हळहळतील, झालं. तुला कोणी शब्दाने दुखवणार नाही."

"तेच तर," आत्या म्हणाल्या.

रूथ इतका वेळ टेबलावरच्या बाटलीकडे बघत होती. मैदानावरून मॉरीनने पिशवीत घालून आणलेली ही एक. रूथने ती उचलली, खटका उघडला आणि बुचाखालचा रबराचा वायसर बोटाने फिरवला.

"बाबा, हा वायसर पांढरा कसा?"

"म्हणजे?"

"लेमनेडला पांढरा, ओल्ड ईनॉकला लाल. तुम्हीच ठरवलं होतं ना? लेबल नसलं तरी यार्डात ओळखू यावं म्हणून. मग हा पांढरा कसा?"

जेफ्री पटकन म्हणाला, "एखादा गेला असेल चुकून."

"मी काल मैदानावर सगळ्या बघितल्या," मॉरीन हळूच म्हणाली. "सगळेच पांढरे होते, जेफ्री. मला वाटलं, तसेच असतात."

आता सगळे डेरेककडे बघायला लागले. डेरेकला वाटलं, दार दोन पावलांवर आहे. बुधवारी सकाळी लाल वायसर संपले होते. तो जेफ्रीच्या खोलीत जाऊन म्हणाला होता, दोन दिवस काम थांबवू. जेफ्रीने फोनवर हात ठेवून सांगितलं होतं, पांढरे लाव रे, लेबल चढलं की कोण वायसर बघतंय? डेरेक म्हणाला होता, पण लेबल चढेपर्यंत? आणि जेफ्री हसला होता: यार्डात बसून कोण पिणार आहे? शुक्रवारी सकाळी आत्या छत्री घेऊन यार्डात आल्या. बाटल्यांचे दोन ढीग, दोन्ही उघडेबोडके, दोन्ही पांढरे. आत्यांनी छत्रीचं टोक एका ढिगावर ठेवून विचारलं होतं, "हेच ना रे, डेरेक?" आणि डेरेकने वायसर बघून मान हलवली होती.

"लाल संपले होते," तो म्हणाला. "मी विचारलं होतं. जेफ्रीने सांगितलं, पांढरे लाव."

"डेरेक!"

"सांगितलंस की नाही? आणि आत्याने मलाही विचारलं होतं. ती कुठे चुकली? तिने विचारलं, मी हो म्हटलं. हा कागद खोटा आहे. मी नाही याच्यात."

"शाब्बास, काका," रूथ म्हणाली. मॉरीनने कागद जेफ्रीच्या हातातून घेऊन घडी घातली. क्षणभर वाटलं, झालं, मिटलं.

जेफ्रीचा आवाज चढला नाही. उलट उतरला. "बरं. पोलिसांना सांगू आपण. ते पहिला प्रश्न काय विचारतील, डेरेक? वायसर कोणी बदलायला सांगितले, हा नाही. तो ढीग पोरांसाठी आहे असं कोणी सांगितलं, हा. मान कोणी हलवली? माझं फार तर नाव जाईल. तू आत जाशील. मग बायकोला काय सांगायचं ते ठरवून ठेव."

डेरेकच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी फुटलेल्या काचेचा आळ थोरल्याने त्याच्यावर ढकलला की अशाच व्हायच्या.

"मी... म्हणजे आत्याला तसं कोणी काही करणार नाही, हे खरं आहे," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"काका!" रूथ उठून उभी राहिली. "लाज वाटते का काही?"

"तू लाजेचं बोलू नकोस," जेफ्री तिच्याकडे वळला. "तो डोळा तू मिचकावलास. तुझं मँचेस्टरचं घर त्या डोळ्यावर उभं आहे."

रूथने बाटली टेबलावर ठेवली. हाताला चिकट लागलं होतं ते तिने स्कर्टला पुसलं आणि परत खाली बसली.

"भांडू नका रे," आत्या म्हणाल्या. "मला एक सांगायचंय. मग ठरवा." त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. "मी काल दोन पेले प्यायले."

"आत्या, त्याचं काय एवढं? तुला माहीत नव्हतं."

"ऐक जरा, जेफ्री. दोन प्यायले, तिसरा भरून घेतला होता. तो मॉरीनने हातातून उडवला. मला आवडलं होतं ते. गुडघे दुखायचे थांबले. ऊन बरं वाटायला लागलं. बँड इतका छान मी कधी ऐकलाच नव्हता. पोरं परत मागायला आली, तर मी म्हटलं, घ्या रे बाळांनो, पोटभर घ्या. बेथनीला तिसरा पेला मी दिला. या हाताने."

आत्यांना दारू आवडली, हे वाक्य त्या घरात कोणी उच्चारेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. सहा वर्षांच्या असताना त्यांनी शपथेच्या वहीत नाव लिहिलं होतं. पुढे पन्नास वर्षं गावातल्या प्रत्येक पोराकडून तीच शपथ त्यांनी लिहून घेतली. जेफ्रीकडूनसुद्धा, त्याचा हात हातात धरून.

"आणि दुसरं," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांपूर्वी तू मला विचारायला आलास, तेव्हा मी काय म्हटलं होतं?"

"'मला त्यातलं कळत नाही, तू बघ,' म्हणालीस."

"कळत होतं रे. चांगलं कळत होतं. चॅपेलचं छप्पर गळत होतं आणि माझंही. दोन्ही तुझ्या बाटल्यांनी शाकारलं गेलं. वर्तमानपत्रात त्या बस थांब्यावरच्या पोरांचे फोटो यायचे, तेव्हा मी पान उलटायचे. ती दुसऱ्या गावची पोरं होती ना! माझ्या वर्गातली नव्हती. काल माझ्या वर्गातली ओकली, तेव्हा मला लाज वाटली. माझी लाज बघा केवढीशी आहे. गावच्या वेशीपर्यंतच पोचते."

मॉरीन उठली आणि जाऊन आत्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली. या घरात असं कोणी कोणाजवळ बसत नसे. आत्यांनी सरकून तिला जागा केली.

"कागद नको देऊ पाद्रीबुवांना," त्या जेफ्रीला म्हणाल्या. "उद्या मीच उभी राहून सांगते."

"काय सांगणार?"

"माझं माझं सांगेन. तुझं मी कशाला सांगू?"

जेफ्रीने सुटकेचा श्वास टाकला. तो सगळ्यांना ऐकू गेला, आणि त्याने टाकला हेही त्याच्या लक्षात आलं.

रविवारी चॅपेल वरच्या सज्ज्यापर्यंत भरलं होतं. एरवी म्हाताऱ्याच तेवढ्या येतात; त्या दिवशी पबमधली माणसंसुद्धा टाय लावून आली होती. बारक्रॉफ्ट आपल्या नेहमीच्या बाकावर, पुढून दुसऱ्या. स्कोल्स मंडळी पलीकडच्या बाजूला, बेथनी आईला टेकून, अजून पिवळी दिसत होती.

आमच्या चॅपेलात कोणीही उभं राहून आपली कबुली देऊ शकतं. एकाने दिली की थोडा वेळ शांत बसायचं, आणखी कोणाला उठायचं असेल तर त्याला सवड द्यायची. कोणीच उठलं नाही की मग ऑर्गन सुरू होतो. ऑर्गन वाजवणारे मिस्टर पिलिंग या बाबतीत फार सबुरीचे.

आत्या उठल्या. समोरच्या बाकाची पाठ धरून त्या मोठ्याने, वर्गात बोलत तसं बोलल्या. "पेले मी भरले. मीही प्यायले, आणि मला ते आवडलं, म्हणून मला संशय आला नाही. आवडलं म्हणून मी पोरांना आणखी दिलं. बेथनी, तुझी मी माफी मागते. माझी शपथ मोडली आहे. ज्या हाताने हे झालं त्या हाताने मी आता कुणाची शपथ लिहून घेणार नाही. रविवारची शाळा मी आजपासून सोडते." त्या थांबल्या. "यापुढचं सांगणं माझं नाही. ज्याचं त्याने सांगावं."

आणि त्या बसल्या.

जेफ्रीला त्या शांततेत स्वतःचं घड्याळ ऐकू येत होतं. डावीकडे डेरेक, बुटांकडे बघत. उजवीकडे रूथ, सरळ त्याच्याकडे बघत. गुडघे सरळ करायचे, बस. लाल वायसर संपले होते, पांढरे मी लावायला सांगितले. दोन वाक्यं. मिस्टर पिलिंगनी हात ऑर्गनच्या पट्ट्यांवर ठेवले आणि परत मांडीवर घेतले. जेफ्रीने मनात बासष्ट माणसं मोजायला घेतली. ती नऊ-दहापर्यंतच आली, पुढची नावं आठवेनात. ज्या कारखान्यासाठी हे सगळं चाललं होतं तो सप्टेंबरपर्यंतही टिकला नाही. ऑगस्टमध्येच दुकानांनी ओल्ड ईनॉक घ्यायचं थांबवलं आणि उरलेल्या बाटल्या यार्डातल्या गटारात ओतल्या गेल्या. हे त्याला तेव्हा कळलं असतं तर तो उठला असता का? तो पुढे कायम म्हणायचा, उठलो असतो. त्याच्यासमोर आम्ही कोणी वाद घातला नाही.

मिस्टर पिलिंगनी आणखी थोडी वाट पाहिली. मग ऑर्गन सुरू झाला. जेफ्रीने स्तोत्रांचं पुस्तक उघडलं आणि तो गायला लागला. आवाज त्याचा गावात सगळ्यांत चांगला.

बाहेर पायऱ्यांवर माणसं आत्यांभोवती जमली. सगळे प्रेमानेच बोलत होते. "मनाला लावून घेऊ नका, मिस बारक्रॉफ्ट." "वय झालं की होतंच हो असं." कोणी तरी त्यांचा कोपर धरून एकेक पायरी उतरवत होतं. काल-परवापर्यंत त्या छत्री हलवत एकट्या उतरायच्या. मिसेस स्कोल्स त्यांचा हात दाबून पुढे झाल्या आणि जेफ्रीसमोर थांबल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तुम्हाला केवढं सोसावं लागतंय," त्या म्हणाल्या. "आणि तुमचा काही दोष नसताना. घरात म्हातारं माणूस असलं की सांभाळून घ्यावं लागतं."

आत्या तीन हातांवर होत्या. त्यांनी ऐकलं.

"थँक यू," जेफ्री म्हणाला.

मिसेस स्कोल्सचा हात हातात घेऊन त्याने तो हलवलासुद्धा. गर्दी पांगल्यावर तो गाडीचं दार उघडून उभा राहिला. आत्या आल्या, पण आत बसल्या नाहीत. त्या हातमोज्याची बटणं लावत होत्या. मॉरीन त्यांच्याजवळ होती.

"चल, आत्या. घरी सोडतो."

"आम्ही चालत जातो. मॉरीन आहे."

"आत्या," तो हळू आवाजात म्हणाला, "मी बोलणार होतो. खरंच. उठणारच होतो, तेवढ्यात ऑर्गन..."

आत्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या. त्याच्या कोटावर धागा होता, तो त्यांनी काढला.

"हो रे," त्या म्हणाल्या. "मी थांबले होते तुझ्यासाठी."

मग त्यांनी मॉरीनचा हात धरला आणि दोघी मिल लेन उतरून गेल्या.